फुकटचे मैल

हेडमास्तरसाहेब, गुरुजी मंडळी, पोरांनो, आन् पुढं बसलेल्या वहिनी. मला भाषण येत न्हाय. मी आप्पा मिस्त्री. उद्यमनगरात माझं गॅरेज हाय. इंजिनाच्या आवाजावर वरडून बोलायची सवय मला. एवढी माणसं एका हॉलमधी गप बसल्याली बघून कुठनं सुरू करावं कळंना. सांभाळून घ्या.

महाजन मास्तरांना जाऊन बारा दिवस झाले. माझ्या आधी तिघं बोलले. मास्तर विज्ञान कसं शिकवायचे, पोरांवर माया कशी करायचे, सगळं सांगितलं. चांगलं बोलले. पण एक पावणं बोलता बोलता म्हणालं, "अति काटकसर जिवावर बेतली." आन् म्हणताना त्येनी वहिनींकडं बघितलं. मी बघितलं त्येनी बघितल्यालं. मी उठणार नव्हतो, त्याच्यापायी उठलोय.

गावात काय बोलत्यात मला ठावं हाय. वहिनी माहेरी कोकणात गेलत्या. त्यांना आणायला मास्तर गाडी घेऊन निघाले आन् फोंडा घाटात दरीत गेले. खिशात वहिनींचं पत्र सापडलं. 'गाडी आणू नका, पेट्रोल फार जळेल, मी एस.टी.नं येते.' झालं! चार दिवसांत गल्लोगल्ली निकाल लागला. म्हणे बायकोनं पेट्रोलवरनं टोमणं मारलं, म्हणून नवरा इंजिन बंद करून घाट उतरला.

खोटं हाय मंडळी. साफ खोटं. इंजिन बंद करून उतरायला मास्तरांना मी शिकवलं. मी!

ती गाडी तुम्ही समद्यांनी बघितलीय. लाल, दोन माणसांची, वरनं उघडी. एका जहागीरदाराच्या तबेल्यात धूळ खात पडलती. जहागिरी गेली, गाडी विकायला काढली, कोण घेईना. घेतली कुणी? शाळामास्तरानं! मी तोंडावर बोललो, "मास्तर, चार आण्याची कोंबडी आन् बारा आण्याचा मसाला हाय ह्यो. शर्यतीची गाडी ही. दोन दोन कार्बुरेटर. गॅलनला बारा मैल जाईल कशीबशी. टायर विलायती, प्लग विलायती. तुमचा पगार टाकीतच जाईल की."

मास्तर हसले. म्हणाले, "आप्पा, बाराचे वीस करू. तू हात चालव, मी डोकं चालवतो."

आन् लागला की हो नाद! दर रविवारी सकाळी मास्तर काचेची बाटली घेऊन हजर. बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून बारीक खुणा केलत्या. टाकीची नळी काढायची, बाटली पुढच्या काचेला बांधायची, तिची नळी कार्बुरेटरला जोडायची. मग कळंब्याकडं गाडी सोडायची. मास्तर चालवायचे, मी बाटलीवर डोळा ठेवून बसायचो. बाटली संपंस्तोवर किती मैल झाले ते मास्तर वहीत लिवायचे. परत आलो की मी कार्बुरेटर खोलायचा, हवा जरा वाढवायची, पेट्रोल जरा कमी करायचं. बाराचे चौदा झाले. चौदाचे सोळा झाले. पुढं काय सरकंना.

मास्तर हिरमुसले. वही मिटून ठिवली. मला ते बघवंना. कळंब्याच्या पुढं उतार लागला तवा मी हात घातला, गाडी न्यूट्रल केली आन् किल्ली फिरवली. इंजिन बंद. नुसता वारा. "मास्तर, बाटली बघा."

पेट्रोल खुणेवर जिथल्या तिथं. गाडी मात्र पळतीय. मास्तरांनी स्टिअरिंग सोडून टाळ्या वाजवल्या, राव! स्टिअरिंग मी धरलं म्हणून बरं. "फुकटचे मैल, आप्पा! शाबास! शाबास रे!"

मी चौथी नापास माणूस. मला जन्मात कोण शाबास म्हणालं नव्हतं. आन् हितं विज्ञानाचा मास्तर म्हणतोय. छाती फुगली माझी. पुढच्या रविवारी परत उतार, परत किल्ली, परत शाबास. वहीत वीसचा आकडा पडला.

आता ऐका. गुळाचा ट्रक घेऊन कोकणात उतरणाऱ्या कुठल्याबी ड्रायव्हरला विचारा, आप्पा काय सांगतो. ज्या गेअरात घाट चढायचा, त्याच गेअरात उतरायचा. घाटात गाडी इंजिन धरतं, नुसता ब्रेक न्हाय धरत. कळंब्याचा उतार दोन मिनिटांचा. फोंडा उतरायचा म्हंजे ब्रेक तापून तापून शेवटी पाय नुसताच खाली जातो. हे मला ठावं हुतं. साऱ्या दुनियेला सांगितलं. मास्तरांना न्हाय सांगितलं. का? खेळ मोडला असता. शाबास बंद झाली असती. दुसरं कायबी कारण न्हाय.

जायच्या दिवशी सकाळी मास्तर गॅरेजात आले. ब्रेक बघून दे म्हणाले. बघितले, चांगले हुते. मग हसत म्हणाले, "आप्पा, फोंड्यात फुकटचे किती मिळतील?"

तवा तरी बोलायचं का न्हाय? मी काय म्हणालो सांगू? "लई मिळतील मास्तर. किल्ली काढून खिशातच घाला!" चेष्टा केली. मास्तर हात हलवून गेले.

गाडी दरीतनं काढायला मलाच बोलावलं. गेअर न्यूट्रलला. ब्रेकच्या पट्ट्या जळून कोळसा. किल्लीची जागा रिकामी. हवालदारानं मास्तरांच्या खिशातल्या वस्तू रुमालावर मांडलत्या. चष्मा, वहिनींचं पत्र, आन् किल्ली. पत्र सगळ्यांनी वाचलं. इंजिन बंद हुतं एवढं धरलं, पण किल्ली खिशात का, हे कुणी बघितलं न्हाय. मी बघितलं, आन् गप बसलो. बारा दिवस गप बसलो. गाव वहिनींच्या नावानं बोलत हुतं आन् मी ऐकून घेत हुतो. का, तर माझं नाव निघत नव्हतं.

आता मला इंजिन बंद करवत न्हाय. गिऱ्हाईक म्हणतंय, "आप्पा, बंद कर की, पेट्रोल जळतंय." जळू दे. बंद केलं की कानात तो वारा येतो. भर दुपारी, चार माणसांत. आन् वाऱ्यात मास्तर टाळ्या वाजवत्यात. परवा शेजारचं लेथ मशीन बंद पडलं, तर मी हातातला पाना टाकून वरडलो, "मास्तर, गेअर टाका!" माणसं बघाय लागली. यडा झाला म्हणत्यात. म्हणू देत.

त्या पत्राचं एक सांगतो. मास्तरांनी मला ते वाचून दाखवलतं. पेट्रोलची ओळ गावानं धरली. तिच्या खालची ओळ वाचली का कुणी? 'तुम्हांला घाटाची सवय नाही, माझ्या जिवाला घोर लागतो.' मंडळी, मास्तरांना नको म्हणणारं एकच माणूस हुतं. आन् जा म्हणणारा एक. नको म्हणणारीला तुम्ही दोष दिला, आन् जा म्हणणाऱ्याला आज हितं बोलायला उभं राहू दिलं.

वहिनी, माफी मागायला मला तोंड न्हाय. तुमचं नाव तेवढं तुमच्याकडं परत द्यायचं हुतं.

हेडमास्तरसाहेब, मास्तरांसाठी दोन मिनिटं उभं राहूया. पण झाल्यावर कुणी मागच्या दारानं निघू नका. वहिनींच्या समोरनं जा. जो जो ते बोलला, आन् ज्यानं नुसतं ऐकून घेतलं, त्यानं हात जोडून जावं. पहिला मी.

उठा मंडळी.