वाकलेल्या पाठीची समीक्षा

(शहापूर. एका साप्ताहिकाचं कार्यालय. संपादक इंद्रजीत, समोर मुरबाडजवळच्या पाड्यावरची रविना, हातात ताजा अंक.)

इंद्रजीत : समीक्षकाची लेखणी कुणाच्या दबावाखाली वाकत नाही, रविना.

रविना : मग मुरबाडच्या कार्यक्रमाच्या समीक्षेत सभापतींचं नाव चार वेळा कसं आलं, सर? माझं एकदा पण नाय. नाचले मी.

इंद्रजीत : शेवटी आहे की, 'नृत्याचा कार्यक्रम उत्साहात पार पडला.'

रविना : त्यानं नाय भागत. पुण्याच्या नृत्यसंस्थेत घ्यायचं तर एकटीनं केलेल्या नाचाची छापील समीक्षा मागतात. सोमवारी मुदत. नाय तर बाबा नर्सिंगला घालतात.

इंद्रजीत : उद्या खास पुरवणी निघतेय, तीत घेतो. 'लयबद्ध पदन्यास, भावपूर्ण मुद्रा...'

रविना : आधुनिक नृत्य होतं ते. मुद्रा नव्हत्याच. पाय तर जागचे हलवायचेच नव्हते. तुमी कुठपर्यंत थांबलेलात?

इंद्रजीत : सत्कारापर्यंत. सत्कारच दोन तास चालले. मुरबाडहून शेवटची जीप कोण सोडेल?

रविना : म्हणजे बघितलाच नाय.

इंद्रजीत : तू सांग, मी लिहितो. जिल्ह्यात कला अशीच जगलीय.

रविना : भाताची आवणी करणारी, चिखलात रोपं लावणारी बाई. दिवसभर कंबर सरळ नाय, हात तेवढे चालू. तशी वाकून होते मी. पोरं आधी हसली, मग गप झाली. मग आमच्या पाड्यावरची काशी आजी उठली, चपला काढल्यान् नि स्टेजवर आली.

इंद्रजीत : ती कशाला?

रविना : माझी पाठ चोळायला. तिला वाटलं, पोरीला उसण भरली. कानात बोलली, 'सरळ हो गो बाय, आता कोण बघत नाय.'

इंद्रजीत : मग?

रविना : झाले सरळ. रडूच आलं. लोकांना वाटलं, संपलं. टाळ्या वाजवल्या.

इंद्रजीत : ...वीस वर्षांत एवढी चांगली समीक्षा मी लिहिली नाही. तू बोललीस तशीच छापतो. त्या संस्थेचा फॉर्म दे बघू. हे मागच्या पानावर काय आहे? 'सादरीकरण सलग किमान चाळीस मिनिटांचे असावे.'

रविना : मागं पण होतं?

इंद्रजीत : आजी आली तेव्हा किती मिनिटं झाली होती?

रविना : एकोणीस. बसवला होता पन्नासचा.

इंद्रजीत : चाळीस लिहितो. तपासायला कोण येतंय?

रविना : सुरुवातीचा नि शेवटचा फोटो जोडायचाय, सर. दोन्हींत मागचं घड्याळ आलंय.