जहाज झोपलंय?

टोकियोतल्या तोयोसु स्टेशनच्या बाकावर माझ्या शेजारी एक मराठी जोडपं येऊन बसलं.

“अंबरीष, एवढी फास्ट डिस्क घेतलीस, मग कॉपी व्हायला संध्याकाळ का होणार?”

“डिस्क फास्टच आहे गं, विभा. पण कॉम्प्युटर आपण पुण्याहून आणलेला. त्याच्यातून डेटा ज्या रस्त्याने बाहेर येतो, तोच जुना. शिंकान्सेन बुलेट ट्रेन बोळातून काढल्यासारखं चाललंय.”

“आणि पिशवीतलं हे नवीन कार्ड त्यात बसवल्यावर?”

“भराभर होईल. मंगळवारी रिसायकलवाले कॉम्प्युटर न्यायला येतायत.”

“रेवा त्याच्यासमोरच बसलीये. एकेक व्हिडिओ लावून बघतेय.”

“कॉपी चालू असताना? मग तर अजूनच अडकणार.”

“अडकतोयच. योकोहामाचा लावला होता, ती तीन वर्षांची असतानाचा. बंदरावर धुकं. ही विचारते, ‘आई, जहाज झोपलंय?’ आणि चित्र थांबतं. मग धुकं जरासं हलतं, परत थांबतं.”

“हसली असेल.”

“नाही रे. स्वतःचं मराठी ऐकत बसली होती. आता आपण काहीही विचारलं तरी उत्तर जपानीतच देते ना.”

“हं.”

“थांब, तिचाच फोन. बोल, रेवा... हो. हो गं, उठलं होतं.”

“काय म्हणतेय? बंद पडला का?”

“विचारत होती, ‘आई, मग जहाज उठलं का?’”

“मराठीत?”

“मराठीत.”

“...मग कार्ड?”

“राहू दे पिशवीतच. बघू दे तिला.”

गाडी आली. दारं उघडली, मिटली. ते दोघं बाकावरच बसून राहिले. मीही.