पागेच्या खिंडीतलं आढं

ऐका. सरका जवळ. ती शेकोटी जरा उकरा, आणि मागं कुणी कुजबुजू नका. ही गोष्ट माझ्या सख्ख्या चुलत्याची, हैबतीकाकाची. त्यानंच सांगितली मला, माझ्या डोक्यावर हात ठेवून.

तर दिवस बुडाला होता. पौषाची थंडी. काका आत्याच्या गावाहून, शेलवडीहून, बैलगाडी जुंपून निघाला. गाडीवर एकच लाकूड. पण कसलं लाकूड! सागाचं, अठरा हात लांब. आठ गड्यांनी मिळून चढवलेलं. दोरांनी आवळलेलं, अर्धं गाडीच्या मागं बाहेर. छपराच्या मधोमध आडवं जातं ना, ज्याच्यावर सगळे वासे टेकतात, ते आढं. त्याच्यासाठी ते लाकूड.

आत्या म्हणाली, "लेकरा, ऱ्हा की आजची रात. खिंडीतनं जाऊ नगस."

काका म्हणाला, "आत्या, घोडीचे दिवस भरलेत. सकाळी आढं चढलं पाहिजे."

आता ही घोडी कोण? तिचं नाव लाखी. वरातीची घोडी. पंचक्रोशीतला एकही नवरदेव तिच्याशिवाय मांडवात गेला नसेल. मागल्या साली ती उघड्यावर व्याली आणि शिंगरू पहाटेपर्यंत गारठून गेलं. काकानं ते स्वतःच्या कांबळ्यात गुंडाळून पुरलं. त्या दिवशी तो बोलला, पुढचं शिंगरू छपराखाली जन्मेल, नाहीतर मी घोडी ठेवणार नाही.

मग सगळे लागले घरची पागा बांधायला. माझ्या बापानं, म्हणजे काकाच्या थोरल्या भावानं, रामोजीनं, खड्डे खणून मेढीचे खांब उभे केले. सगुणाकाकू आणि शेजारच्या बाया कुडाच्या भिंती लिंपत होत्या. इसाक नालबंद, काकाचा जिवाचा दोस्त, तो तर स्वतःचं दुकान बंद ठेवून चार दिवस तिथंच. सगळं झालं. राहिलं होतं आढं.

तर काका खिंडीला लागला. त्या खिंडीत जुन्या पागेच्या भिंती आहेत, ठाऊक आहे ना? कुण्या काळी तिथं स्वारांची घोडी बांधत. पागा पुरी व्हायच्या आधीच वणवा आला म्हणतात. घोडी गेली, आणि ती सोडवायला आत शिरलेला मोतद्दार, घोड्यांची चाकरी करणारा, तोही गेला.

गाडी चढणीला लागली. मागनं टापा वाजल्या. टप टप, टप टप. काकानं वळून पाहिलं. कुणी नाही! पुढं गेला. आता दोन घोडी. मग दहा. मग अहो, डावीकडनं, उजवीकडनं, टापाच टापा! धुरळा नाही, खिंकाळी नाही, नुसत्या टापा. बैलांनी कान पाडले.

तेवढ्यात मागनं हाक आली. "हैबती! एकटाच व्हय रं? थांब, मागनं हात लावतो."

आवाज माझ्या बापाचा! हुबेहूब! काकाला हायसं वाटलं. तो म्हणाला, "ये, दादा."

बोलला! तिथंच चुकला, बाबांनो. तो 'ये' म्हणाला आणि गाडी हलकी झाली. चढणीवर बैल दुडक्या चालीनं पळायला लागले. अठरा हाती लाकूड असं, जणू पाचटाची पेंढी!

वळण संपलं आणि समोर उजेड. काकाला वाटलं, घर आलं. मशाली पेटलेल्या. माझा बाप मेढ ठोकतोय. सगुणाकाकू कुड लिंपतेय. इसाक घोडीचा पाय मांडीवर घेऊन बसलाय. आणि पागा? अहो, पागा कसली! खांबांमागं खांब, खांबांमागं खांब. त्यांच्यामधनं घोड्यांच्या रांगा. अबलख, कुमैत, पांढरीशुभ्र. नजर पोचेल तिथपर्यंत घोडी! काका सांगायचा, "मला भ्याव वाटलंच न्हाई. हात जोडावं वाटलं." जन्मभर घोड्यांत वाढलेला माणूस. त्याच्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं.

एक उंच माणूस पुढं आला. हातात घोडी घासायचा खरारा. हळूच म्हणाला, "आढं आणलंस? लई वर्सं वाट बघितली. चढव."

काकानं दोर सोडले. लाकूड खांद्यावर घेतलं. एकट्यानं! शिडी लावलेलीच होती. एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला. पाठीमागनं सगळे म्हणायला लागले, "चढव. चढव. चढव."

धाप लागली म्हणून काका थांबला. तोंडातनं वाफ निघाली. थंडीच तशी. आणि त्यानं पाहिलं. इसाकच्या तोंडातनं वाफ नाही. काकूच्या नाही. बरं, माणसांचं सोडा. शंभर घोडी उभी, आणि एकीच्याही नाकातनं वाफ नाही!

काकाचा पाय पायरीवर गोठला.

हातोडे थांबले. सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. मग घोड्यांनी माना वळवल्या. सगळ्या. एकदम.

काकानं लाकूड टाकलं. ते पडलं नाही हो! खांद्यावरनं सुटलं आणि तसंच हवेत राहिलं, तरंगत! काका पळाला. उजेड विझला. ठेचकाळत त्यानं गाडी गाठली आणि बैलाच्या गळ्याला मिठी मारली. बैल थरथरत होता, पण त्याचा श्वास गरम होता. त्या श्वासात तोंड खुपसून काका उभा राहिला. आणि चहूकडनं हाका. "हैबती!" भावाच्या आवाजात. "अवं, या ना!" काकूच्या आवाजात. "यार, एक हात लाव!" इसाकच्या आवाजात. काकानं ओ दिली नाही. दात ओठात रुतवून रक्त काढलं, पण ओ नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. दोन पलिते आले वर चढत. "हैबती! आरं, हैबती!"

काकानं डोळे उघडले नाहीत. नुसता हात पुढं केला. म्हणाला, "फुंक."

"काय?"

"हातावर फुंक, दादा असशील तर!"

माझ्या बापानं फुंकर मारली. गरम. तंबाखूच्या वासाची. मग इसाकनं फुंकलं. मग काकानं दोघांना धरलं आणि पोरासारखा रडला. उशीर झाला म्हणून भाऊ आणि दोस्त शोधत आले होते, खिंडीचं नाव ऐकूनही आले होते. नसते आले तर उजाडेपर्यंत त्यानं ओ दिली असती. तो स्वतः म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर पंधरा माणसं लाकूड आणायला गेली. आणि बघतात तर काय! दोन पुरुष उंचीच्या त्या पडक्या भिंती, आणि त्यांच्या माथ्यावर आढं. बरोब्बर बसलेलं. एक बोट इकडं नाही, तिकडं नाही. आठ गड्यांचं लाकूड! खाली माणसाचं पाऊल नाही, शिडीची खूण नाही. इसाकनं टोपी काढून छातीशी धरली. काका वर बघत म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. त्याचंबी काम अडलं होतं."

घरच्या पागेला माझ्या बापानं बांधावरची बाभूळ तोडून दिली. सगळ्यांनी मिळून संध्याकाळच्या आत ती चढवली. तिसऱ्या रात्री लाखी व्याली. शिंगरू छपराखाली उभं राहिलं, लटपटत, आणि घराभोवतीचा सगळा वाडगा माणसांनी भरला होता.

मी गेलोय त्या खिंडीत, दिवसाढवळ्या. आढं पाहिलंय. वाळवी नाही, चीर नाही, काल घातल्यासारखं. पण दिवस मावळल्यावर त्या वाटेला पाय घालू नका. गाडीत लाकूड असेल तर मुळीच नको. आढं मिळालं त्याला. वासे अजून मिळायचेत.