दोन फेऱ्यांमधलं एक मिनिट

बसा. अहो, मागे का उभे आहात? पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत, कुणा मान्यवरांसाठी राखून ठेवलेल्या नाहीत. बसून घ्या. मी मात्र उभ्यानेच बोलते, कारण बसले तर पुन्हा उठवणार नाही. पाच दिवस धड झोप नाही. बोलायची मला सवय नाही, आणि खरं सांगायचं तर आज इच्छाही नाही.

मी सुमन. वैशालीबरोबर वीस वर्षं होते. आधी तिचा मार खायला, मग तिच्या कॉर्नरला. हॉलमधल्या मुली मला सुमनताई म्हणतात, ती सुमे म्हणायची. वैशाली बॉक्सिंगमध्ये तीन वेळा राष्ट्रीय विजेती, हे बाहेरच्या फ्लेक्सवर लिहिलंच आहे. ती रिंगमध्ये होती तेव्हा एवढा मोठा फ्लेक्स लागल्याचं मला आठवत नाही. असो. लावलात, बरं केलंत.

ती धायरीची. शनिवार पेठेतल्या शाळेच्या हॉलमध्ये आम्ही शिकायचो. मी त्याच पेठेतली, दोन गल्ल्या चालून यायचे आणि तरी उशीर करायचे. ती धायरीहून सायकल मारत यायची आणि हाताला पट्ट्या बांधून माझ्या आधी तयार असायची. पहिल्याच दिवशी तिने माझ्या नाकावर एक ठेवून दिला. रक्त आलं. मी म्हटलं, अगं, सराव आहे हा, जरा बेताने. तर म्हणाली, "बेतानंच मारला की." खरंच बेताने मारला होता, हे मला पुढे कळलं. निवड चाचणीत मी तिच्याकडून चार वेळा हरले. चौथ्यांदा ठरवलं, हिच्या समोर उभं राहण्यापेक्षा मागे उभं राहिलेलं बरं.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. फेरी संपली की घंटा होते आणि पुढच्या फेरीआधी एक मिनिट मिळतं. कॉर्नरवालीने स्टूल आत सरकवायचं, खेळाडूने त्यावर बसायचं. तिच्या तोंडातलं, दात वाचवणारं गमशील्ड काढायचं, चूळ भरायला पाणी द्यायचं, तोंड पुसायचं. आणि विचारायचं, बरी आहेस ना? वैशाली दर वेळी एकच सांगायची, "हाय की." भुवई फुटली होती तेव्हाही हाय की. बोट मोडलं होतं तेव्हाही हाय की. ते बोट मोडल्याचं मला दुसऱ्या दिवशी कळलं.

आणखी एक सांगायला हवं. आमचा खेळ वजनावर चालतो. तिचा गट अठ्ठेचाळीस किलोचा, आणि अंगचं वजन कायम दोन-तीन किलो जास्त. मग स्पर्धेआधी पाणी तोडायचं, म्हणजे प्यायचंच नाही. रेनकोट घालून पळायचं. लिंबाची गोळी चघळून थुंकी डब्यात टाकायची, तेवढंच वजन कमी. अशा वेळी गरगरणारच, डोकं दुखणारच. आमच्याकडे गरगरणं म्हणजे पाणी कमी पडणं, दुसरा अर्थ नाही. वजन देऊन झालं की मीठ-साखरेचं पाणी प्यायचं, पाच मिनिटं बसायचं, उठायचं. मग तिच्या आईने, आक्कांनी बांधून दिलेली पिठलं-भाकरी ती अशी खायची, की बघणाऱ्याचं पोट भरावं. वर्षानुवर्षं आम्ही हेच केलं. वर्षानुवर्षं हेच बरोबर निघालं.

आता ज्यासाठी उभी राहिलेय ते सांगते.

खेळणं सोडून तिला दहा वर्षं झाली होती. दिवसा हडपसरला कंपनीत नोकरी, संध्याकाळी हॉलवर मुलींना शिकवायची. गेल्या महिन्यात मुलींचे ठोसे पॅडवर झेलता झेलता ती थांबली आणि रिंगच्या कडेला बसली. मी विचारलं, बरी आहेस ना? म्हणाली, "हाय की." मग म्हणाली, "जरा गरगरतंय, सुमे. डोकं बी जड हाय."

वीस वर्षांत पहिल्यांदा ती "हाय की"च्या पुढे बोलली. आणि मी काय म्हणाले? पाणी कमी प्यायलीस. मीठ-साखर घालून पाणी दिलं. ती प्यायली, पाच मिनिटं बसली, उठली.

अहो, बेचाळीस वर्षांची बाई. कुठलं वजन द्यायचं होतं तिला? कशासाठी पाणी तोडलं असेल तिने? मला हा प्रश्न पडला नाही. तिलाही पडला नाही. आठ दिवस ती रोज तिथे बसली, आठ दिवस मी रोज पाणी दिलं. नवव्या दिवशी ती उठली नाही.

डॉक्टर म्हणाले, डोक्यात बरेच दिवस रक्त साकळत होतं. मला विचारलं, काही त्रास सांगितला होता का? म्हटलं, गरगरतंय म्हणाली होती. मग? म्हटलं, मी पाणी दिलं.

मघाशी एक जण म्हणाले, वैशाली शेवटपर्यंत लढली. नाही हो. लढत चालू आहे हे तिला कळलंच नाही. कळवायचं काम माझं होतं.

आक्का, तुम्ही समोर बसला आहात. ती गेली त्या दिवशी तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "तू व्हतीस तिच्या कोपऱ्यात, म्हणून मला कधी घोर न्हवता." मी तेव्हा गप्प बसले. त्याची मला लाज वाटते. तिने सांगितलं होतं, आक्का. मी ऐकलं आणि पाणी दिलं. माफी मागायला मला तोंड नाही. पण हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

झालं माझं.

शोकसभेत दोन मिनिटं उभं राहायची पद्धत आहे. आज तसं नको. आज एक मिनिट बसून राहू या, ती बसायची तसं, हात मांडीवर सैल सोडून. हॉलवरची घंटा मी आणली आहे.

आणि मुलींनो, या मिनिटात मी तुम्हाला विचारतेय, बऱ्या आहात ना? लगेच "हो ताई" म्हणू नका. जिचं डोकं दुखतंय, जिला गरगरतंय, तिने हात वर करायचा. लोक बघतील, बघू देत. मी पाणी देणार नाही. मी दवाखान्यात घेऊन जाणार आहे.

मिनिट झालं की घंटा वाजवेन. मग आपण सगळे उठू.

वैशे, तू नको उठूस. तू बस आता.