टोल पडला की उठायचं

अहो, पण मी केलं काय? नुसता उभा राहिलो हो! कुणाला शिवी दिली नाही, शाई सांडली नाही, साहेबाच्या मोटारीला बोट लावलं नाही... भरल्या कचेरीत आपल्या खुर्चीतनं उठून उभा राहिलो, तर गिरणीत संप झाल्यासारखा गोंधळ!

सगळं त्या डॉक्टरनं केलं. शुक्रवार पेठेत नवा दवाखाना घातलाय बघा, मुंबईहून शिकून आलाय, अजून मिसरूड नीट फुटलं नाही. आमची बायको, शिवबाई, सारखी मागं लागली होती, "एन्री, अहो ऐकलं का, कोटाची गुंडी लागंना झालीया, जिना चढताना लोहाराच्या भात्यागत आवाज यायलाय, दाखवून तरी या की!" गेलो. त्यानं माझ्या पोटावर टिचक्या मारल्या, कलिंगड बघतात तशा, आणि विचारलं, "काम काय करता?" मी ताठ होऊन म्हटलं, "गिरणीत हेडक्लार्क! बसून काम!" तुम्हाला काय ठाऊक, त्या खुर्चीपायी मी केस पांढरे केलेत! वेताची खुर्ची, वर पंखा, शेजारी खिडकी... अख्ख्या कचेरीत हात असलेली खुर्ची एक साहेबाची आणि एक माझी, बाकी सगळे बाकावर! आणि हा म्हणतो कसा, "तेच मारतंय तुम्हाला! घड्याळाचा टोल पडला की उठायचं, हात वर करायचे, जरा झुलायचं, मग बसायचं." बसून माणूस मरतो? आमचा बाप रानात राबून राबून वाकला, मरताना मला म्हणाला, बाळा, बसायची नोकरी सोडू नको. बाप खोटं बोलला व्हय?

पण शिवबाईचा धाक. दुसऱ्या दिवशी टोल पडला, उठलो. आणि मग... बापरे!

आमच्या कचेरीची एक रीत आहे, ती मीच विसरलो होतो. साहेबाची मोटार आत आली की ती दिसते फक्त माझ्या खिडकीतनं. म्हणून मी उठलो की सगळ्यांनी उठायचं, हे वर्षानुवर्षं चालत आलेलं. विचारायचं नाही, बघायचं नाही, उठायचं! तर मी उठलो आणि धडाधड अख्खी कचेरी उभी! कुणी तंबाखू गिळली, कुणी शेंगा टरफलासकट खिशात कोंबल्या, माझ्या हाताखालचा कमलाकर, त्यानं घाईत दुसऱ्याचीच टोपी घातली, ती उतरली नाकापर्यंत, आणि तो तसाच आंधळ्यासारखा भिंतीला नमस्कार करायला लागला! पटेवाला सिद्धाप्पा दाराशी झोपला होता, तो उठला तो सलाम ठोकतच उठला. सगळे श्वास धरून उभे... मी हात वर करून झुलतोय... आणि साहेब काही येईना!

"सायब कुटं हायती?" सिद्धाप्पा विचारतोय.

"आले नाहीत."

"मग तुमी उटलाव कशापायी?"

"पोटासाठी!"

"आमीबी पोटासाठीच उटलोय की ओ!"

पुढचा टोल पडला, पुन्हा तेच! त्याच्या पुढचा, पुन्हा तेच! संध्याकाळपर्यंत सगळी कचेरी घामाघूम. कमलाकर हात जोडून उभा, "अण्णा, तुमचं पोट उतरेल तेव्हा उतरेल, आमचं काळीज आधी बंद पडायलंय!" आता बघा माझा चांगुलपणा. मी जाहीर केलं, इथून पुढं मी उठलो म्हणून कुणी उठायचं नाही, खुशाल बसा! आणि बसले हो. इतके खुशाल बसले की मी उठतोय, झुलतोय, कुणी मान वर करून बघंना. सिद्धाप्पा डोळा उघडंना.

आणि मग तो दिवस. टोल पडला, मी उठलो, हात वर केले, आणि खिडकीतनं बघतो तर... मोटार! खरी मोटार! साहेब उतरून पायऱ्या चढायला लागलेले! ओरडायला तोंड उघडलं, आवाज फुटंना. हात वरचे वर राहिले. मी डोळ्यांनी खुणावतोय, पाय आपटतोय, अक्षरशः नाचतोय, आणि हा कमलाकर शेंगा सोलत म्हणतो, "वा अण्णा! आज लई जोरात!"

दार उघडलं. अख्खी कचेरी बसलेली. कुणाचे पाय बाकावर, कुणाचं डोकं टेबलावर, मधोमध शेंगांच्या टरफलांचा ढीग. आणि उभा कोण? हात वर करून नाचतंय कोण? मी!

आमचे साहेब रागावले की इंग्रजीत बोलतात, ते सोसतं. त्या दिवशी मराठीत बोलले, तेही गोड. तिथंच मला घाम फुटला. "वीरभद्रप्पा, हे काय चाललंय?" म्हटलं, "साहेब, डॉक्टरनी सांगितलंय... हालचाल..." "असं होय? मग आधी नाही का बोलायचं! उद्यापासून कापडाच्या गोदामात जा. तिथं बसायला काही नाहीच." मी विचारलं, आणि खुर्ची, साहेब? "खुर्चीवर कमलाकर बसेल. त्याला बसायची चांगली सवय दिसते."

ऐकलंत? शेंगा सोलत बसला त्याला खुर्ची, आणि उभं राहून मान दिला त्याला गोदाम! मी केलं काय? नुसता उभा राहिलो हो!

आता दिवसभर कापडाच्या गाठींमागं हिंडतोय. पोट उतरलं, गुंडी लागायली, शिवबाई खूश. पण पाय? खांबासारखे सुजले! पुन्हा गेलो त्या डॉक्टरकडं. त्यानं पाय दाबून बघितले. "दिवसभर उभे असता? तेच मारतंय तुम्हाला! टोल पडला की जरा बसायचं."

बसायचं कुठं? गाठीवर बसलो तर मुकादम ओरडतोय. म्हणून टोल पडला की मी काहीतरी विचारायचं निमित्त काढून कचेरीत जातो. आणि त्या दिवसाची अशी दहशत बसलीय, मी दारात उभा दिसलो की धडाधड सगळे उभे! कमलाकरसुद्धा, टोपी सावरत. सगळ्यांचे डोळे माझ्या पाठीमागं, साहेब आता येतील, मग येतील... तेवढ्यात मी हळूच खिडकीशी जातो, आणि त्या वेताच्या खुर्चीत टेकतो. हाऽऽ...

कमलाकर रडवेला होतो, "अण्णा, हे काय करायलाव ओ?"

मी म्हणतो, बाबा, मी केलं काय? नुसता बसलो हो!