शिंपल्याचं तोरण

— थांब, थांब! एका घरात पाच खांब सांगितलं की, चार कुठलं घातलीस? मोज. मला दावू नको, तूच मोज. क्रोशातला शिंपल्याचा टाका हाय हा, पाची खांब एकाच भोकातनं निघालं तरच पंख्यागत उघडतंय — तुझं मिटलंय. आणि सासर कुठलं ठरलंय म्हणालीस? कोडोली? कुणाच्यात? ...अमरसिंहच्या घरात. व्हय? बस की, उठतीस कशाला, मी काय खात न्हाय तुला.

मग सासूनंच सांगितलं असंल — गौरीच्या सणाला चार बायकांत बसून तोरण विणून दाखवायचं. मला कसं ठावं? अगं, त्याच अमरसिंहची पहिली बायको म्हणून त्या घरात नांदायला गेलती ती माझी स्वप्नाली. हां, तीच खोटारडी! सांगितलंय न्हवं तुला त्यांनी? मान खाली घालू नको, सुई पडंल.

काय खोटं केलतं तिनं, इचार की. रुखवतात ह्याच टाक्याचं तोरण मांडलतं, खाली चिठ्ठी — 'स्वप्नालीनं स्वतःच्या हातानं विणलेलं'. चिठ्ठी मी लिवली, तोरण बी मीच विणलं. सगळ्याच आया करत्यात, त्यात काय? पण त्या बयेनं, तुझ्या सासूनं, गौरीच्या हळदीकुंकवाला भर बायकांत सुई-दोरा हातात दिला — विण म्हणाली. पोरीला साध्या साखळीच्या टाक्याफुडं काय येतंय? बसली रडत. सा म्हैन्यात माघारी धाडली. आई लबाड, लेक लबाड म्हणं! तुझ्या सासूला मी रोज सकाळी शिव्या देते. आजबी दिल्या.

शिकीवली का न्हाय म्हंतीस? शिकीवली की! धा वरसाची असल्यापासनं शेजारी बसवायची — पण एक खांब वाकडा गेला की मला दम निघायचा न्हाय, सुई हिसकून घ्यायची, राहू दे, तुला जमायचं न्हाय, बग मी कशी करते म्हणायची. मग तिनं नुसतं बगितलं. लगीन ठरंपर्यंत बगितलं. आता मधल्या खोलीत बसलीया, सगळं ऐकतीया, पर माझ्याशी बोलत न्हाय. तुझ्या सासूनं न्हाय गं घालवली तिला — काय बोलाय लागले मी!

हे बग, परत चारच! आण हिकडं ती सुई — न्हाय. न्हाय, तुझ्याकडंच धर. तूच उसव.

आणि ऐक. मला तुझी काय माया न्हाय, त्या घरात जाणारी तू — पर आजच त्यांस्नी फोन कर आणि सांग, मला विणाय येत न्हाय. लगनाच्या आधी सांग. माझ्या पोरीला बी हेच सांगायचं हुतं. रुखवताच्या आदल्या दिशी ती म्हणाली, आई, खरं सांगूया — मी तिच्या मुस्काटात मारली. ...बगतीस काय? ऊठ. चपला भाईर हायत.