पाचवं कपाट

संपादक : लिहा, बाई. "माणसाच्या तोंडून निघालेला पहिला शब्द नकाराचाच असला पाहिजे. भूक, भीती, भक्ती या साऱ्यांच्या आधी माणूस 'नाही' म्हणाला, आणि तिथून संस्कृतीला सुरुवात झाली."

बाई : पहिला शब्द "आई गं" असणार, सर. या खुर्चीचा खिळा परत वर आलाय.

संपादक : तुम्ही लिहिताय की बसताय?

बाई : दोन्ही एकदम जमत नाहीये. आणि ते संस्कृतीचं वाक्य कोशात कसं घालू? आधार काय दाखवू?

संपादक : "स्वानुभव" लिहा.

बाई : सर, तीन वाजून गेलेत. चारला वरच्या मजल्यावर, प्रकाशन विभागात, पहिला खंड नेऊन द्यायचाय. दिला तर छापणार, नाही दिला तर कोशविभाग बंद आणि कागद रद्दीत. पत्र परत वाचून दाखवू का?

संपादक : नको. पाठ आहे. नऊ ओळींत तीन चुका आहेत.

बाई : अशुद्ध पत्रानं बंद केला तरी विभाग बंदच होतो.

संपादक : खंड तयार आहे. तीन हजार दोनशे शब्द. युरोपातल्या बावीस भाषांतले. प्रत्येक कार्डावर दोन सह्या, एक माझी, एक तुमची. दोन सह्यांशिवाय या खोलीतून एक मुळाक्षर बाहेर गेलेलं नाही.

बाई : दोन सह्या असूनही गेलेलं नाहीच, सर. तीन हजार एकशे नव्व्याण्णव कार्डांवर आहेत. एकावर नाहीत. "नो." रोमनमध्ये दोन अक्षरांचा शब्द. अकरा वर्षं.

संपादक : लांब शब्द सोपे असतात. त्यांना सांधे असतात, सांध्यावर सुरी ठेवली की मोकळे होतात. हा खडा आहे. वाचा कार्ड.

बाई : "नो. इंग्रजी : नकार. जुन्या इंग्रजीत 'ने' म्हणजे नाही आणि 'आ' म्हणजे केव्हाही. दोन्ही मिळून, कधीच नाही."

संपादक : पाहिलंत? तो माणूस नुसतं नाही म्हणत नव्हता. कायमचं म्हणत होता.

बाई : माझ्या रजेच्या अर्जांवर तुम्ही म्हणायचात, तसं.

संपादक : पुढे.

बाई : "स्पॅनिश, इटालियन : नकार. लॅटिन 'नोन'पासून. त्याचं आणखी जुनं रूप 'नोएनुम', म्हणजे एकही नाही." हे मला आवडतं. एक होता का? नाही, एकही नव्हता. आपल्या विभागाचा इतिहास वाटतो.

संपादक : आणि मुळाशी दोघांच्याही तोच जुना 'ने'. आपला 'न' त्याच घरातला. भाऊबंद आहेत सगळे. वाटण्या झाल्या, पण नाही म्हणायची सवय कुणी सोडली नाही.

बाई : "लॅटिन 'नो' : मी पोहतो. मूळ वेगळं. आपल्या 'स्नान'शी नातं."

संपादक : त्याला एक तळटीप होती. बुडणारा रोमन ओरडला, तर काठावरच्यांनी काय समजायचं?

बाई : ती मी खोडली.

संपादक : माहितेय. दौत रिकामी होईल इतकी खोडलीत.

बाई : "पोर्तुगीज 'नो', उच्चार 'नू' : च्या आत. दोन वेगळे शब्द चिकटून झालेला. संबंध नाही." संपलं कार्ड. आता कोपऱ्याला टाचलेली ही गुलाबी चिठ्ठी.

संपादक : वाचा.

बाई : कशाला? तुम्हालाही पाठ आहे.

संपादक : ही शंका-चिठ्ठी आहे. शंका मोठ्यानं वाचायची, मग निकाली काढायची, मग दोन सह्या. पद्धत आहे.

बाई : "पोलिश माणसं बोलताना हाच शब्द 'हो ना', 'हं', अशा अर्थी वापरतात असं कळतं. मग हे घर एकच कसं? खुलासा होईपर्यंत सही रोखावी." झालं? आता काढा निकाली.

संपादक : ज्यानं शंका घेतली त्यानंच मागे घ्यायची असते.

बाई : चिठ्ठीवर नाव नाही.

संपादक : नाव घालायचं नाही हा नियम मीच केला होता. लहान माणसाला मोठ्याची चूक दाखवताना संकोच वाटू नये म्हणून. तेव्हा आठ जण होतो.

बाई : चिठ्ठी आली तेव्हा किती होतो?

संपादक : दोन.

बाई : आणि तुम्ही अकरा वर्षं शोधताय, कुणी लिहिली ते?

संपादक : मी कधी शोधलं? नियमाप्रमाणे शोधायचं नसतं.

बाई : सर.

संपादक : बोला.

बाई : मी लिहिली.

संपादक : मी लिहिली नव्हती एवढं मला आठवत होतं. बाकी गणित चौथीच्या मुलाला येतं.

बाई : मग विचारलं का नाहीत कधी?

संपादक : तुम्ही सांगितलं का नाहीत?

बाई : आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा. इथून दोन गल्ल्या. रोज एकला मी धावत जायची, तिची कूस बदलायची, दोन घास भरवायची आणि दोनच्या आत खुर्चीत. खंड पूर्ण झाला असता तर मला दुसऱ्या गावी टाकणार होते, रेकॉर्ड विभागात. हुकूम टाइप होऊन पडला होता, फक्त तारीख घालायची होती. मग एका जुन्या संभाषणपुस्तकात हे पोलिश सापडलं. म्हटलं, सहा महिने जातील.

संपादक : शंका खरी होती.

बाई : खरी होती म्हणूनच लाज वाटली. खोटी असती तर केव्हाच फाडली असती. आई जाऊनही सहा वर्षं झाली, सर. तेव्हाच मागे घ्यायला हवी होती. पण तुम्ही इतक्या उत्साहानं परदेशी पत्रं लिहीत होतात. दर सोमवारी पाकिटं चिकटवत बसायचात. मला वाटलं, आता काढून घेतली तर माणूस बसल्या जागी विझेल.

संपादक : डाव्या हाताचा खालचा खण उघडा.

बाई : तो अडकलेला असतो.

संपादक : अडकलेला नाही. मी कुलूप लावतो. ही किल्ली.

बाई : हे काय? परदेशी तिकीट. "आदरणीय महोदय, आपल्या पत्राबद्दल आभार. आमच्या बोलण्यातला 'नो' हा स्वतंत्र उद्गार असून नकाराशी त्याचा संबंध जोडण्याची गरज नाही." सर, ही तारीख...

संपादक : हो. तुमच्या चिठ्ठीनंतर तीन आठवडे. पोलंडचा प्राध्यापक तत्पर निघाला. सगळ्या युरोपात एक माणूस वेळेवर उत्तर देतो आणि नेमका तोच माझ्या वाट्याला येतो.

बाई : मग नंतरची पत्रं? दर सोमवारची?

संपादक : त्यालाच. आभाराची. पुढे प्रकृतीची चौकशी. नातीला खोकला वगैरे. चार वर्षांपूर्वी तोही वारला.

बाई : आणि पाकिटं?

संपादक : हाताला सवय लागली होती.

बाई : म्हणजे अकरा वर्षं खुलासा या खणात होता, आणि माझं मन मला खात होतं.

संपादक : बाई, खंड गेला असता तर मी निवृत्त. घरी कोण आहे? मुलगा महिन्यातून एकदा फोन करतो, तोही रेंज नसलेल्या जागेवरून. या खोलीबाहेर मला कुणी सर म्हणत नाही. दूधवाला सुद्धा "ओ" म्हणतो.

बाई : माझी तीन लग्नं मोडली या खंडापायी. "काम संपलं की बघू" म्हणायची मी सगळ्यांना.

संपादक : तीन? मला दोनच माहीत होती.

बाई : तिसऱ्याला मीच सांगितलं नव्हतं की तो तिसरा आहे.

संपादक : दुसरा खंड केला असता आपण. ओपासून झेडपर्यंत. पाचवं कपाट आलं असतं तर.

बाई : अठरा वर्षं तेच म्हणताय. कार्डं ठेवायला कपाट नाही म्हणून अर्धी वर्णमाला बाहेर उभी.

संपादक : कार्डं जमिनीवर ठेवून कोश होत नाही. पद्धत असते.

बाई : साडेतीन झाले. पेन द्या. "शंका मागे घेतली." ही माझी सही. आता तुमची.

संपादक : घाई करू नका. एकदा पाहू द्या.

बाई : अकरा वर्षं पाहिलंत. करा.

संपादक : पेन नीट उमटत नाहीये.

बाई : पुसट आली तरी सही ती सहीच. हां. झालं. तीन हजार दोनशे.

संपादक : वाटलं होतं, काहीतरी वाटेल.

बाई : वर जाऊन आलो की वाटेल. उचला कार्डांच्या पेटीची तिकडची बाजू.

(दारात एक हमाल, खांद्यावर दोरखंड, हातात कागद.)

हमाल : कोशविभाग हाच का? कपाटं न्यायला आलोय.

बाई : अहो भाऊ, चार वाजेपर्यंत मुदत आहे. आम्ही आत्ता वर खंड द्यायलाच निघालोय.

हमाल : वर कुठं, ताई?

बाई : प्रकाशन विभागात.

हमाल : त्यांची कपाटं सकाळीच उतरवली मी. पंखे पण काढले. वर आता नुसत्या वायरी लोंबतायत.

संपादक : तिथले अधिकारी? ते चारला खंड घेणार होते.

हमाल : ते साहेब खोकी घेऊन अकरालाच गेले. रेकॉर्ड विभागात टाकलंय म्हणत होते, दुसऱ्या गावी. काका, जरा बाजूला व्हा, लागेल. कपाटं रिकामी लागतात. कागद काय ते खाली काढून ठेवा.

बाई : खाली म्हणजे?

हमाल : जमिनीवर. त्याला दुसरी गाडी येईल. नाहीतर झाडूवाली बघेल.

बाई : सर, तुम्ही बसा. त्या खुर्चीत नको, खिळा आहे. इकडे बसा.

हमाल : एक, दोन, तीन, चार. पाचवं कुठाय?

संपादक : पाचवं नाही.

हमाल : कागदावर पाच आहेत.

संपादक : आलंच नाही हो ते. अठरा वर्षं वाट पाहतोय आम्ही.

हमाल : मिळालं म्हणून लिहून दिलंय की. हे बघा, शिक्क्यासकट. म्हणून तर दुसरं कुणी पाठवलं नसणार. दोन सह्या आहेत खाली.

बाई : बघू. सर, ही खालची माझी. कपाट उद्या येतंय, पोचपावतीला उगाच उशीर नको, म्हणाला होतात तुम्ही.

हमाल : आणि वरची? काका, ही तुमचीच का?

संपादक : हो.